साळोबाची श्वास घेणारी पिशवी

एका जंगलात साळोबा नावाचं एक साळिंदर राहायचं. जंगल नेमकं कुठलं ते विचारू नका. सांगितलं तर सुट्टीत तुम्ही सगळे तिथं जाल आणि वेफर्सची पाकिटं टाकून याल.

साळोबा तसा सुखी होता. ओढ्याच्या काठाला त्याचं खोल, उबदार बीळ होतं. बिळात म्हातारी आई होती. अंगभर काळेपांढरे काटे होते. ते इतके टोकदार होते की वाटेत बिबट्या आला, तर तोच बाजूला व्हायचा आणि साळोबा जाईपर्यंत उगाच आभाळाकडे बघत उभा राहायचा.

साळोबाला एक धाकटी बहीण होती. तिचं नाव रुंजी. तिला खिंडीपलीकडच्या जंगलात दिली होती.

आता तुम्हाला ठाऊक आहे, मुलांनो, श्रावणात पंचमी येते. पंचमीला जंगलातल्या लेकी माहेरी येतात. नाग त्या दिवशी गावात पाहुणचाराला गेलेले असतात, त्यामुळं उंदरांच्या आणि बेडकांच्या लेकीसुद्धा बिनघोर झोके घेतात. पण लेक काही आपली आपण निघून येत नाही. तिला आणायला भावानं जायचं असतं. त्या भावाला मुराळी म्हणतात. काय म्हणता? जंगलात कुठला आलाय मुराळी? वा रे वा! माहेर काय फक्त तुमच्याच आईला असतं?

साळिंदरांत मुराळ्याची एक रीत होती. त्यानं बहिणीच्या सासरी जायचं, बिळाच्या तोंडाशी उभं राहायचं आणि हाक न मारता अंगावरचे काटे वाजवायचे. खळ्ळ, खळ्ळ, खळ्ळ. प्रत्येक घराच्या काट्यांचा आवाज वेगळा. आत बसलेली सून तो ऐकते आणि म्हणते, "आला माझा भाऊ!" मग सासू उठते, वाटेसाठी कंद बांधून देते आणि सुनेची पाठवणी करते. हाक काय, कोल्हाही मारील. पण त्यानं काटे कुठून आणायचे? म्हणून ही रीत पडली होती. ती तुम्ही लक्षात ठेवा, कारण साळोबानं ठेवली नाही.

खिंडीची वाट लांबची होती आणि पाऊस श्रावणातला होता. वाटेत उघड्यावर एक मुक्काम पडायचा. साळोबा दर वर्षी करवंदीच्या जाळीत अंग चोरून झोपायचा, सकाळी काटे झाडायचा आणि शिंकत शिंकत पुढं निघायचा. रुंजीच्या दाराशी पोचेपर्यंत त्याच्या अंगावरून पागोळ्या गळत असायच्या. रुंजी आधी त्याला सुक्या पाल्यात लोळवायची, मग शिव्या घालायची, मग जेवायला वाढायची. त्या शिव्यांची दोघंही वर्षभर वाट बघायची.

असं सगळं छान चाललं होतं. पण त्या वर्षी साळोबाला शेकरूगुरुजी भेटले.

शेकरूगुरुजी एका उंच आंब्याच्या शेंड्यावर राहायचे. ते जन्मात एकदाही जमिनीवर झोपले नव्हते. त्यामुळं जमिनीवर कसं झोपावं याबाबत त्यांचा शब्द जंगलात अखेरचा मानला जाई. रोज संध्याकाळी ते खालच्या फांदीवर येऊन बसत आणि प्रवास या विषयावर बोलत. ऐकायला ससे, भेकरं, मुंगसं असा बराच समाज जमे. त्यातलं कुणीच कुठं जात नसे, पण जायची तयारी मात्र सगळ्यांची जोरात चालू असे.

साळोबा ओढ्यावरून कंद घेऊन येत होता. गुरुजींनी त्याला हटकलं.

"काय साळोबा, यंदा खिंडीपलीकडं जाणार ना?"

"हो तर. रुंजीला आणायला."

"बरोबर काय नेतोस?"

"आई सुके आवळे देते रुंजीसाठी. ते नेतो."

"तसं नव्हे. झोपायला काय नेतोस?"

साळोबानं विचार केला. "झोपायला मी डोळे मिटतो," तो म्हणाला.

सगळे हसले. एक ससा तर हसताना उलटा पडला. साळोबाचे कान तापले. इतकी वर्षं आपण भिजत जात होतो यात हसण्यासारखं काही आहे, हे त्याला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

"अरे, या जमान्यात कुणी भिजतं का?" गुरुजी मायेनं म्हणाले. "तुला बिव्ही हवी, बिव्ही."

"म्हणजे काय?"

"आत शिरायचं, तोंड बांधायचं आणि झोपायचं. पाऊस बाहेर, तू आत."

"म्हणजे पिशवी."

गुरुजींनी कपाळावर शेपूट मारून घेतली. "पिशवी म्हटलं की लोक त्यात कंद भरतात. बिव्ही म्हण. आणि ती वाटेल तशी घ्यायची नसते. पारखून घ्यायची असते. एक, ती हलकी हवी. दोन, वॉटरप्रूफ हवी. आणि तीन, तिनं श्वास घेतला पाहिजे."

"कुणी, मी?"

"बिव्हीनं."

"मग मी काय करायचं?"

"तूही घे. मी कुठं नको म्हणतोय?"

साळोबा घरी आला तेव्हा आई बिळाच्या तोंडाशी बसून रानवेल वळत होती. दर वर्षी ती रुंजीच्या झोक्यासाठी वेलींचा जाड दोर करायची आणि ओढ्याकाठच्या जांभळाला टांगायची.

"पंचमी आली की रे जवळ," आई म्हणाली. "केव्हा निघतोस?"

"निघतो ना. आधी बिव्ही निवडायची आहे."

"ती कुणाची कोण?" आईनं विचारलं. तिला वाटलं, पोरानं मनावर घेतलं.

जंगलात शिवणकाम करणारा एकच होता, शिंपी पक्षी. पानाला पान जोडून घरटं शिवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं आणि बोलण्यात तर नव्हतंच. त्यानं साळोबाचं माप घेतलं, लांबून घेतलं, आणि सागाच्या पानांची एक दणकट पिशवी शिवली. वरून डिंकाचे थर दिले.

"ओढ्यात बुडवा, धबधब्याखाली ठेवा," शिंपी म्हणाला. "आत थेंब आला तर माझं नाव बदला."

साळोबा त्या रात्री भर पावसात बिळाबाहेर पिशवीत झोपला. सागाची पानं जाड होती, काटे टोचले तरी मुकाट सोसत होती. वर पाऊस तडतडत होता. साळोबाला फार मजा वाटली. पण सकाळी उठून बघतो तर अंग ओलं, मिशा ओल्या, नाकाच्या शेंड्यावर थेंब. करवंदीच्या जाळीतही तो इतका भिजत नसे.

"गळली!" तो ओरडत गुरुजींकडं गेला.

गुरुजींनी पिशवी आतून बाहेरून हुंगली. "अजिबात गळलेली नाही."

"मग हे पाणी कुणाचं?"

"तुझंच. रात्रभर तू श्वास सोडलास. त्याला बाहेर जायला वाट नव्हती. तो आतल्या आत गार झाला आणि तुझ्याच अंगावर पडला."

साळोबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पावसानं भिजला की निदान पावसाला शिव्या देता येत होत्या. आता कुणाला द्यायच्या?

"म्हणून मी म्हणत होतो," गुरुजी म्हणाले. "बिव्हीनं श्वास घेतला पाहिजे. शिवाय ही जड आहे."

वजन हा गुरुजींचा खास प्रांत. त्यांच्याकडं बेलफळाच्या दोन करवंट्यांचा तराजू होता आणि मापाला गालात साठवलेल्या गुंजा होत्या. पिशवी एका करवंटीत घातली. दुसरीत गुंजा टाकता टाकता गुरुजींचा गाल रिकामा झाला. बघणाऱ्यांनी हळहळ व्यक्त केली.

"आता बाकीचंही बघून घेऊ," गुरुजी म्हणाले.

साळोबाचं बाकीचं सामान म्हणजे दात घासायची कडुनिंबाची काडी. गुरुजींनी ती तोलली, मधोमध मोडली आणि अर्धी फेकून दिली. "अर्धी काडी तोंडात असते, अर्धी हातात. हातातली कशाला वागवायची?"

मग त्यांनी आवळ्यांची पुरचुंडी उचलली. आईनं ते आवळे उन्हाळाभर राखले होते. रुंजीला ते इतके आवडायचे की ती वाटेतच निम्मे संपवायची.

"हे तर अगदीच नको," गुरुजी म्हणाले. "तिकडं आवळे मिळत नाहीत का?"

"मिळतात. पण हे आईनं..."

"आईचं असो की आणखी कुणाचं, गुंजा तेवढ्याच लागतात."

साळोबाला ते पटलं. म्हणजे पटल्यासारखं वाटलं. सगळे माना डोलवत असले की तसं वाटतं, तुम्हालाही वर्गात वाटत असेल. आवळे मुंगसांनी खाल्ले. चांगले होते म्हणाले.

कासवाला एकदा विचारावं असं साळोबाच्या मनात येऊन गेलं. कासव बाराही महिने उघड्यावर राहायचं आणि कधी कुरकुरायचं नाही. पण गुरुजींनी तो विषयच उडवून लावला. "जुनं मॉडेल आहे. वजनानं मेलंय बिचारं," ते म्हणाले.

इकडं आभाळ रोज खाली येत होतं. आई रोज विचारायची, "कधी निघतोस?" आणि साळोबा रोज म्हणायचा, "बस, ठरतच आलंय." जांभळाला झोका टांगून झाला होता. आईनं स्वतः बसून, दोनदा अंग झोकून, दोर तपासून घेतला होता.

शेवटी शिंप्यानं दुसरी पिशवी आणली. ती बघायला सगळं जंगल जमलं. बाहेरून कोवळ्या पानांचा पातळ पापुद्रा आणि आतून कोळ्याच्या धाग्याचं अस्तर. पाण्याचा थेंब अस्तरावर घरंगळून जायचा, पण आतली वाफ मात्र बाहेर पडायची. शिंप्यानं आत तोंड घालून फुंकर मारून दाखवली. सगळ्यांनी बाहेर गाल लावून ती वाफ अंगावर घेतली. एक भेकर म्हणालं, की आजवर कुणाचा श्वास इतका छान लागला नव्हता. तराजूत घातली, तर गुरुजींना गुंजा परत गालात भरायला लागल्या.

साळोबाचं ऊर भरून आलं. तो डोळे मिटून हलकेच आत शिरला.

चर्र!

चहूबाजूंनी काटे बाहेर आले. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, ओढ्याकाठी निवडुंग आलाय.

"आता ती जरा जास्तच श्वास घेते," शिंपी म्हणाला.

मग विचारविनिमय झाला. पिशवी जाड करावी, तर वजन वाढणार. प्रत्येक काट्याच्या टोकाला मेणाची गोळी लावावी, तर वजन वाढणार. साळोबानं रात्रभर उभं राहावं, तर पिशवी कशाला? गुरुजी इतका वेळ पिशवीकडं बघत होते. आता ते साळोबाकडं बघू लागले.

"काटे किती गुंजांचे आहेत?" त्यांनी विचारलं.

"काय की. कधी तोलले नाहीत."

"बघा!" गुरुजी समाजाकडं वळून म्हणाले. "काडी तोलली, आवळे तोलले आणि सगळ्यात जड सामान हा पाठीवर घेऊन हिंडतोय!"

साळोबा चपापला. काटे म्हणजे सामान असं त्याच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

"पण वाटेत बिबट्या असतो, गुरुजी."

"बिबट्या कुणाला खातो? जो दिसतो त्याला. तू बिव्हीत असणार. दिसशील कसा?"

साळोबानं मान डोलावली.

"आणि काटे काय, परत उगवतात," शिंपी मधेच म्हणाला. काटे म्हणजे शिंप्याला आयत्या सुया, हे मी तुम्हाला सांगायला नको.

"किती दिवसांत?"

"उगवतात," शिंपी म्हणाला.

साळोबानं ओढ्याच्या पाण्यात वाकून स्वतःला बघितलं. तो लहानपणापासून तसाच दिसत होता. मग त्याला उलटा पडून हसणारा ससा आठवला. तो पाय घट्ट रोवून उभा राहिला आणि म्हणाला, "ओढा."

सगळ्यांनी मिळून ओढले. दुखलं थोडं. पण शेवटचा काटा निघाला आणि साळोबानं उडी मारून बघितली, तेव्हा तो पूर्वी कधी उडाला नव्हता इतका उंच उडाला. अंग खरंच हलकं वाटत होतं. टाळ्या वाजल्या. पिशवीचं तोंड झोपेत नाकावर पडू नये म्हणून दोन काड्या हव्या होत्या. त्यासाठी त्याचेच दोन काटे त्याला परत देण्यात आले. बाकीचे शिंपी घेऊन गेला आणि संध्याकाळपर्यंत फाटलेली पिशवी शिवूनही दिली.

आईनं त्याला बघितलं. ती बराच वेळ दोराला हात लावून उभी राहिली.

"थंडी वाजेल रे," ती म्हणाली.

"नाही वाजत. पिशवी आहे."

"आणि तिच्या दारात काय वाजवशील?"

"आता कोण वाजवतंय आई?" साळोबा निघता निघता म्हणाला. "हाक मारीन की. माझा आवाज ती ओळखत नाही होय?"

आणि तो निघाला.

इथं मी खोटं बोलणार नाही, मुलांनो. प्रवास फार छान झाला. पाऊस आला की साळोबा पिशवीत शिरायचा, थांबला की बाहेर यायचा, पिशवी झटकून गुंडाळायचा आणि चालू लागायचा. अंगावर शिंतोडा नाही. एक शिंक नाही. वाटेत ती जुनी करवंदीची जाळी लागली, तिच्याकडं बघून तो चक्क हसला.

खिंडीत भर दुपारी धुकं उतरलं आणि सरी सुरू झाल्या. साळोबा पिशवीत शिरून तोंड बांधतो न बांधतो, तोच बाहेर पावलं वाजली. जड आणि मऊ. सवयीनं त्यानं काटे फुलवायला अंग आखडलं, पण फुलवायला काही नव्हतंच.

बिबट्यानं पिशवी हुंगली. तिच्यातून ऊन ऊन वाफ येत होती. तो एक पाऊल मागं सरला.

"कोण आहे?" बिबट्यानं विचारलं.

उत्तर दिलं नाही तर हा पंजा मारील, एवढं साळोबाला कळत होतं.

"पिशवी," तो आतून म्हणाला.

"पिशवी बोलते?"

"श्वासही घेते."

बिबट्यानं विचार केला. डोकं नाही, पाय नाहीत, शेपूट नाही, तरी श्वास घेतं आणि विचारलेल्या प्रश्नाचं सरळ उत्तर देतं. असला प्राणी त्यानं उभ्या आयुष्यात बघितला नव्हता. तो आभाळाकडं बघत बाजूला झाला आणि उलट्या वाटेनं निघून गेला.

साळोबा मनात गुरुजींचा जयजयकार करत होता. जे जे सांगितलं होतं ते ते खरं ठरलं होतं. पिशवी हलकी होती. पिशवी गळली नव्हती. पिशवीनं श्वास घेतला होता आणि वर जीवही वाचवला होता. आता एकच काम राहिलं होतं, रुंजीला घेऊन परत जायचं.

पंचमीच्या आदल्या दिवशी, उन्हं कलताना तो तिच्या दाराशी पोचला. खडखडीत कोरडा.

"रुंजे! ए रुंजे! मी आलोय!"

आत खसफस झाली आणि थांबली. मग सासूबाईंचा आवाज आला. "कोण ओरडतंय?"

"मी. मुराळी."

"मुराळी ओरडत नाही. मुराळी वाजवतो. वाजव."

साळोबानं जोरात अंग हलवलं. पाठीची कातडी तेवढी थरथरली, आवाज काही झाला नाही. मग त्याला पिशवीच्या तोंडाचे दोन काटे आठवले. त्यानं ते घाईघाईनं काढले आणि एकमेकांवर आपटले. टक. टक.

"पोरी, सुतारपक्षी आलाय वाटतं," सासूबाई आत म्हणाल्या.

मग त्याच बाहेर आल्या. भरघोस काट्यांच्या, खमक्या बाई होत्या. समोर बघून किंचाळल्या, "अगं बाई, घूस!"

"घूस नाही हो, मी साळोबा!"

मागून रुंजी आली. तिच्या पाठीशी बोचकं बांधलेलं होतं. सकाळपासून ती बिळाच्या तोंडाशी कान लावून बसली होती. तिनं साळोबाकडं बघितलं आणि डोळ्यांवरून तत्क्षणी ओळखलं. तिनं ओळखलंय हे साळोबालाही कळलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

"काटे कुठं गेले?" रुंजीनं विचारलं.

"काढले."

"कुणी?"

"मीच. म्हणजे सगळ्यांनी मिळून. पिशवी फाटत होती ना."

"कसली पिशवी?"

खरं तर ही वेळ नव्हती. पण साळोबाला राहवलं नाही. त्यानं पिशवी उलगडून तिच्यापुढं धरली. "हात लावून बघ. आतून कोळ्याचा धागा आहे. श्वास घेते. आणि वजन बघ, वजन!"

रुंजीनं हात लावला नाही. "आईनं आवळे दिले असतील," ती म्हणाली.

"दिले होते. पण वजन होत होतं."

रुंजी पुढं आली. तिनं त्याच्या उघड्या पाठीवरून पंजा फिरवला आणि तो पंजा बघितला. बिळाच्या कोपऱ्यात तिनं सुक्या पाल्याचा हा एवढा ढीग करून ठेवला होता. तो साळोबाला बाहेरूनसुद्धा दिसत होता.

"भिजला नाहीस," ती म्हणाली.

"एक थेंब नाही!" साळोबा अभिमानानं म्हणाला.

सासूबाई इतका वेळ दोघांकडं आळीपाळीनं बघत होत्या. त्या म्हणाल्या, "पोरी, एकच सांग. हा तुझा भाऊ आहे का? तू हो म्हण, मी पाठवते. वाजलं नाही तरी पाठवते. एवढी काही मी वाईट नाही."

रुंजीनं पिशवीकडं बघितलं. तिला राग आला होता. तुमच्याही बहिणीला आला असता. वर्षभर तिनं ज्याची वाट बघितली होती, तो निम्मा वाटेत कुणाकुणाला देऊन आला होता आणि उरलेला पिशवी दाखवत उभा होता.

"नाही, आत्याबाई," ती म्हणाली. "माझा भाऊ भिजत येतो."

आणि ती आत गेली. आतून पाला चुरडल्याचा आवाज आला. ती त्यात जाऊन पडली असावी.

साळोबा उभाच राहिला. त्याला ओरडून काहीतरी सांगायचं होतं, पण जे सुचत होतं ते सगळं पिशवीबद्दलचंच होतं. सासूबाईंना त्याची कीव आली. त्यांनी आतून एक कंद आणून त्याच्या पुढ्यात ठेवला. "वाटसरू आहेस, उपाशी जाऊ नकोस," त्या म्हणाल्या.

साळोबानं कंद उचलला आणि सवयीनं पंजावर तोलून बघितला.

परतीच्या वाटेवर खिंडीत पुन्हा पावसानं गाठलं. साळोबा पिशवीत शिरला, तोंड बांधलं आणि रडला. लहानपणी रुंजी ओढ्यात पडली होती तेव्हा रडला होता, त्यानंतर आज. आता ही पिशवी मोठी गुणाची, वाफ बाहेर सोडायची. पण पाणी मात्र ती जसं आत येऊ देत नसे, तसं बाहेरही जाऊ देत नसे. पाऊस थांबला तेव्हा बाहेरून ती कोरडी ठणठणीत होती आणि आत साळोबा चिंब भिजला होता. हे त्यानं पुढं कधी गुरुजींना सांगितलं नाही.

तो जंगलात पोचला तेव्हा पंचमी होऊन गेली होती. पण आंब्याखाली सगळा समाज त्याचीच वाट बघत होता. साळोबा दिसताच एकच गलका झाला.

"गळली का?" गुरुजींनी वरून विचारलं.

"नाही."

"जड वाटली?"

"नाही."

"श्वास?"

"घेतला. बिबट्यानंसुद्धा ऐकला."

टाळ्यांचा कडकडाट झाला. ससा या खेपेला आनंदानं उलटा पडला. शिंप्याकडं मापं द्यायला रांग लागली. कासव हळूहळू पुढं आलं आणि लाजत म्हणालं, "माझ्या मापाची मिळेल का?"

"मिळेल की," शिंपी म्हणाला. "पाठीवरचं तेवढं काढावं लागेल."

एवढ्यात गर्दी बाजूला सारत साळोबाची आई आली. तिनं साळोबाकडं बघितलं, मग त्याच्या मागं बघितलं. मग खिंडीकडून येणारी वाट लांबपर्यंत बघितली. ओढ्याकाठी जांभळाचा झोका वाऱ्यानं आपोआप हलत होता.

"रुंजी कुठाय?" तिनं विचारलं.

रुंजी कोण, हे काहींना आठवेना.

साळोबानं पिशवी पुढं धरली.

"आई," तो म्हणाला, "पिशवी गळली नाही."

आईनं त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि घरी गेली. झोका सोडला, दोर गुंडाळून ठेवला. मग वर्षभराचे कंद त्या पिशवीत भरून ती बिळाच्या छताला टांगली. पिशवी श्वास घेणारी होती. वर्षभरात एकही कंद सडला नाही.

तात्पर्य : प्रवासाला निघण्यापूर्वी पिशवी नीट पारखून घ्यावी, घाई करू नये. चांगली पिशवी एकदाच मिळते. बहिणीचं काय, ती दर वर्षी वाट बघतेच.